गरज विकता येते काय?

उन्हाळा सरत आला की दुकानदाराला दोन गोष्टींची धास्ती वाटू लागते: एक पावसाची आणि दुसरी फळीवर पडून राहिलेल्या मालाची. पाऊस त्याच्या हाती नसतो. माल मात्र त्याला हलवावाच लागतो, कारण त्यात त्याचा पैसा अडकलेला असतो आणि नव्या मोसमाच्या मालाला जागा हवी असते. मग तो भाव उतरवतो, दारावर फलक लावतो आणि काल बारा आण्यांना असलेली वस्तू आज सहा आण्यांना देऊ लागतो. गिऱ्हाइकाला आनंद होतो, दुकानदार मोकळा होतो. यात नीतिशास्त्राने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणीही विचारील. परंतु आपल्या धर्मग्रामांत दुकानदार आहेत, दुकानांत नोकरी करणारी मुलेमुली आहेत, आणि विकत घेणारे तर आपण सर्वच आहोत. तेव्हा या साध्या दिसणाऱ्या व्यवहाराकडे जरा निरखून पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू. त्यासाठी शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागेल, कारण ‘सेल’ नावाचा प्रकार आपल्या परिचयाचा होऊ लागला तो त्या काळात.

विसाव्या शतकाच्या आरंभीचे नाशिक म्हणजे गोदाकाठचे तीर्थक्षेत्र आणि जिल्ह्याचे ठाणे. आगगाडीचे स्टेशन गावापासून पाचएक मैलांवर, आणि तेथून गावात यायला ट्राम. बाजार जुना होता आणि जुन्याच न्यायाने चालत होता. नाशिकची तांब्यापितळेची भांडी तेव्हाही नावाजलेली होती. भांड्याची किंमत वजनावर ठरे: धातूचा भाव आणि वर घडणावळ. जुने, चेपलेले भांडे मोडीत घातले तरी त्यातील धातूचे मोल उरे. पितळेची घागर चैत्रात घेतली काय किंवा आषाढात घेतली काय, ती ‘गेल्या मोसमाची’ कधी होत नसे. येवल्याच्या पैठणीचेही तसेच. आजीची पैठणी नातीच्या लग्नात मिरवली तर तिचा मान वाढतोच. अशा बाजारात ‘माल जुना झाला’ ही कल्पना फारशी नव्हती. ती आली गिरणीच्या कापडाबरोबर, तयार कपड्यांबरोबर आणि फॅशनबरोबर.

शिवाय आपला उन्हाळा हा विलायती उन्हाळा नव्हे. तिकडे जुलै महिना आला की उन्हाळी कपड्यांचा हंगाम उतरणीला लागतो व दुकाने ते स्वस्तात काढून टाकतात. आपल्याकडे वैशाख-ज्येष्ठ म्हणजे लग्नसराई. त्या दिवसांत कापडाचा भाव उतरवणारा दुकानदार वेडाच ठरला असता. आषाढ लागला, विवाहाचे मुहूर्त संपले, रस्ते चिखलाने भरले आणि गिऱ्हाईक फिरकेनासे झाले, म्हणजे मग त्याची नजर मागे राहिलेल्या ठाणांकडे जाणार. उन्हाळ्याच्या अखेरीस वाजतगाजत भाव उतरवण्याची रीत विलायतेतून मुंबईला आली आणि मुंबईहून पुढे सरकली.

येथे एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. सेल येण्यापूर्वी एकच भाव यावा लागतो. जेथे भाव ठरलेलाच नाही, तेथे तो उतरणार कोठून? आपल्या जुन्या बाजारात घासाघीस होती. ओळखीच्याला एक भाव, यात्रेकरूला दुसरा, आणि ज्याच्या तोंडावर निकड दिसे त्याला तिसरा. घासाघिशीविषयी हल्ली मोठ्या जिव्हाळ्याने लिहिले जाते. तीत माणुसकीचा ओलावा होता असे म्हणतात. असेलही. पण जो बोलका त्याला स्वस्त आणि जो भिडस्त त्याला महाग, हा काही न्याय नव्हे. आणि लहान मुलाला एकट्याने दुकानात पाठवण्याची सोय अशा बाजारात नसते.

सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यांनी या प्रथेवर धर्माच्या आधाराने आक्षेप घेतला. आधी जास्त सांगायचे आणि मग खाली यायचे, म्हणजे आधी खोटे बोलायचे, असे त्यांचे मत होते. म्हणून एकच भाव सांगायचा व तोच घ्यायचा असा नियम त्यांनी स्वतःला लावून घेतला. त्यांच्या आणि आपल्या श्रद्धेत पुष्कळ अंतर आहे, तरीही या बाबतीत त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे पॅरिसमध्ये १८५२ पासून आरिस्तीद बुसिको याने ‘बाँ मार्शे’ या दुकानात आणि १८७० नंतर फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर याने वस्तूवर किंमत लिहून ठेवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर आणली. देवापुढे सर्व माणसे समान असतील तर किमतीपुढेही ती समान असावीत, असा वॉनामेकरचा विचार होता असे सांगतात. वाक्य त्याचे असो वा नसो, विचार मोलाचा आहे. कलेक्टरच्या बंगल्यातील बाईला आणि त्या बंगल्यातील आयाला साबणाची वडी एकाच किमतीत मिळावी, हे पूर्वी कोठे घडत होते?

आणि सेलची प्रथा वाढवली तीही याच दुकानांनी. ख्रिसमसनंतर बाजार थंडावतो म्हणून जानेवारीत चादरी, टेबलावरची वस्त्रे वगैरे पांढरे कापड स्वस्तात विकायचे, अशी प्रथा वॉनामेकरने १८७८ मध्ये आपल्या दुकानात सुरू केली. मग हिवाळ्याच्या अखेरीस, उन्हाळ्याच्या अखेरीस, असे सेलांचे वर्षाचे वेळापत्रकच तयार झाले. ज्याने सर्वांना एकच भाव देण्याचे व्रत घेतले, त्याच्याकडे आता दोन भाव झाले: एका तारखेच्या आधीचा आणि एका तारखेच्या नंतरचा. घासाघीस पुढच्या दाराने गेली आणि कॅलेंडर हातात घेऊन मागच्या दाराने परत आली.

मुंबईत ही पद्धत आणणाऱ्यांपैकी ‘व्हाइटवे लेडलॉ’ हे नाव जुन्या लोकांच्या तोंडी बरीच वर्षे होते. १८८२ मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली ही कंपनी, आणि मुंबईत हॉर्नबी रोडवर तिचे मोठे दुकान. उधारी नाही, माल घ्यायचा तर रोख मोजायचे, हा तिचा खाक्या. त्यावरून गोऱ्या लोकांनीच तिच्या नावाची ‘राइट अवे अँड पेड फॉर’ अशी थट्टा केली होती. अशा दुकानांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून येत, आणि टपालखात्याच्या व्ही. पी. पद्धतीमुळे मुफसलातील माणसालाही मुंबईचा माल घरबसल्या मागवता येई. देवळालीची लष्करी छावणी तर नाशिकच्या उंबरठ्यावरच होती. सेल म्हणजे काय, हे नाशिकच्या बाजाराला फार काळ अपरिचित राहणे शक्यच नव्हते.

आता एक प्रकरण घेऊ. सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्र अशाच ‘समजा’ने सुरू होणाऱ्या प्रकरणांतून शिकवले जाई, आणि ती सवय काही जात नाही. समजा, १९१० च्या सुमारास नाशिकच्या मेन रोडवर एक जनरल स्टोअर आहे. फळीवर मलमलीची ठाणे, छत्र्या, कंदिलाच्या काचा, साबण, मुलांचे तयार कपडे. मालकाने ठरवले आहे की येत्या शनिवारपासून पांढऱ्या कापडाचा भाव निम्मा करायचा. फलक रंगवून तयार आहे, पण अजून लावलेला नाही. मंगळवारी एक बाई येते. परवा गुरुवारी ख्रिस्तशरीराचा सण. त्या दिवशी तिच्या लेकीला प्रथमच ख्रिस्तप्रसाद मिळणार आहे. (पोप पायस दहावे यांनी १९१० च्या ऑगस्टमध्ये सात वर्षांच्या आसपासच्या मुलांनाही ख्रिस्तप्रसाद द्यावा असा आदेश काढला, तेव्हा आपली ही मुलगी जरा मोठी समजू या.) तिला पांढऱ्या झग्यासाठी कापड हवे आहे. तिच्या मागोमाग दुसरी बाई येते. तिला खिडक्यांच्या पडद्यांसाठी कापड पाहिजे. आज घेतले काय, पुढल्या आठवड्यात घेतले काय, तिला सारखेच. दोघी पूर्ण भाव मोजतात आणि जातात. दुकानदाराने काही गैर केले काय?

दुसऱ्या बाईपासून सुरुवात करतो, कारण तिचा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरो याने आपल्या मुलासाठी लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात तो आला आहे. ऱ्होड्स बेटावर अन्नाची टंचाई आहे. एक सज्जन व्यापारी अलेक्झांड्रियाहून गलबतभर धान्य घेऊन तेथे पोहोचतो. मागून धान्याची आणखी गलबते येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे. बेटावरच्या लोकांना ते ठाऊक नाही. त्याने ते सांगावे, की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? बॅबिलोनचा डायोजेनीस म्हणतो, मालातले दोष कायदा सांगतो तितके उघड करावेत, बाकी गप्प राहणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसामाणसांत निसर्गानेच नाते जोडले आहे, म्हणून विकणाऱ्याला ठाऊक असलेले सर्व घेणाऱ्यालाही ठाऊक झाले पाहिजे. सिसेरोचा निकाल अँटिपेटरच्या बाजूने आहे.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’मध्ये खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार करताना हेच उदाहरण घेतले. त्यांचा निकाल दुकानदाराला थोडा सोपा वाटेल. पुढे भाव उतरणार आहे ही भविष्यातील गोष्ट. आज चालू असलेल्या भावाने विकणारा व्यापारी गप्प राहिला तर तो न्यायाविरुद्ध वागला असे म्हणता येत नाही. मात्र त्याने सांगून टाकले किंवा भाव कमी केला, तर ते अधिक सद्गुणाचे होय.

एवढ्या थोर गुरूंशी हुज्जत घालणे धाडसाचे, परंतु आपल्या मेन रोडवरच्या दुकानाला त्यांचा निकाल जसाच्या तसा लागू पडत नाही असे मला वाटते. ऱ्होड्सकडे येणारी गलबते दुसऱ्यांची होती. ती वेळेवर पोहोचतील की वादळात सापडतील, हे व्यापाऱ्याच्या हाती नव्हते आणि त्याला निश्चित ठाऊकही नव्हते. शनिवारचा भाव मात्र दुकानदाराने स्वतःच ठरवला आहे. तो त्याच्याच टेबलाच्या खणात लिहून ठेवलेला आहे. त्याचे मौन अधिक जड आहे. त्याने चौकात उभे राहून ओरडून सांगावे असे मी म्हणणार नाही. तसे केले तर चार दिवस त्याला दुकान बंदच ठेवावे लागेल, आणि स्वतःचे दिवाळे काढण्याची सक्ती कोणतेही नीतिशास्त्र करीत नाही. पण पडदेवाल्या बाईने ‘भाव उतरेल का हो?’ असे विचारलेच आणि त्याने ‘छे, उलट चढेल’ असे उत्तर दिले, तर मग डायोजेनीससुद्धा त्याच्या मदतीला येणार नाही.

पहिल्या बाईचा प्रश्न याहून खोल आहे. तिला शनिवारचे कळले असते तरी काय उपयोग? सण गुरुवारी आहे. तिने पूर्ण भाव मोजला तो कापड अधिक चांगले होते म्हणून नव्हे, तर तिला थांबता येत नव्हते म्हणून. येथे संत थॉमस यांचे दुसरे एक सूत्र मला त्यांच्या साऱ्या अर्थविचारात सर्वांत तेजस्वी वाटते. ते म्हणतात त्याचा आशय असा: एखादी वस्तू देऊन टाकल्याने विकणाऱ्याचे विशेष नुकसान होत असेल, तर ते नुकसान त्याने किमतीत धरावे, त्यात अन्याय नाही. परंतु विकणाऱ्याचे काहीच अधिक जात नसेल आणि घेणाऱ्याला मात्र त्या वस्तूची फार निकड असेल, तर त्या निकडीपोटी किंमत वाढवता येत नाही. कारण ती निकड घेणाऱ्याची आहे. जी वस्तू आपली नाही ती कोणी विकू नये. आणि दुसऱ्याची गरज ही आपल्या मालकीची वस्तू नव्हे.

हे सूत्र हाती घेऊन बाजारात फिरावे म्हणजे कितीतरी गोष्टी वेगळ्या दिसू लागतात. मध्यरात्री दवाखान्याच्या दाराशी दुप्पट भाडे सांगणारी रिक्षा, शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी महागलेला गणवेश, घरात मयत झाल्यावर शवपेटीचा सांगितलेला भाव. माल तोच असतो. विकली जाते ती समोरच्याची असहायता.

दुकानदाराची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपला निवाडा एकतर्फी होईल. तो म्हणेल: ‘फादर, कोणता माल खपेल आणि कोणता पडून राहील हे मला आधी कसे कळणार? शंभर वार मागवले तर साठ वार खपतात. उरलेले चाळीस मी पडत्या भावाने देतो, प्रसंगी तोट्यात देतो. तो तोटा पहिल्या साठ वारांनी भरून काढला नाही तर माझी मुलेबाळे काय खातील?’ हे म्हणणे खोटे नाही. खरोखर उरलेल्या मालाचा सेल हा प्रामाणिक व्यवहार आहे, आणि गरीब कुटुंबाला तर तो वरदान असतो. सेलला धावणाऱ्या बायकांची थट्टा करण्याची आपल्या लेखक मंडळींना मोठी हौस. तीन मुलांना वर्षातून एकदा नवे कपडे करायची जबाबदारी ज्यांच्यावर कधी पडली नाही त्यांनाच ती थट्टा सुचते.

पण उरलेल्याचा सेल वेगळा आणि आधीच ठरवलेला सेल वेगळा. पहिल्यात किंमत खरी असते, अंदाज चुकलेला असतो. दुसऱ्यात मूळ किंमत लिहिली जाते तीच खोडण्यासाठी. तो आकडा कोणी द्यावा अशी अपेक्षाच नसते. अडलेल्याने दिला तर तेवढा वरकड नफा. क्वेकर व्यापाऱ्यांनी ज्या खोट्याला विरोध केला ते हेच खोटे, फक्त आता ते तोंडाने न बोलता लेबलावर छापले जाते. युरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेला आणि २०२२ पासून लागू झालेला नियम या दुखण्यावरच बोट ठेवतो: भाव उतरवल्याची जाहिरात करायची असेल तर मागल्या किमान तीस दिवसांतील सर्वांत कमी किंमत सांगितली पाहिजे. आपल्याकडे १९९० पासून बांधीव मालावर कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे आहे. गिऱ्हाइकाला लुबाडू नये म्हणून आलेला तो आकडा. पण कमाल किती छापावी हे उत्पादकच ठरवीत असल्याने तोच आकडा खोडून दाखवायला सोयीचा झाला आहे.

सदोष मालाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तेथे संत थॉमस स्पष्ट आहेत: जो दोष डोळ्यांना दिसत नाही तो सांगितलाच पाहिजे. आमोस संदेष्ट्याने तर त्यांच्या दोन हजार वर्षे आधी, गव्हाचा भुसा गरिबांच्या पदरात घालणाऱ्या आणि त्यासाठी सणाचा दिवस कधी एकदा उलटतो याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले आहेत. गरिबाला निरुपयोगी माल खपवण्याचा प्रश्न आपल्याकडे एकदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला विदेशी कापडाची प्रचंड होळी झाली, तेव्हा सी. एफ. अँड्र्यूज यांच्यासारख्या गांधीजींच्या निकटच्या मित्रालाही ती रुचली नाही. जाळण्यापेक्षा गरिबांना द्या, असे म्हणणारे पुष्कळ होते. जे अंगावर घालायची मला लाज वाटते ते गरिबाला देऊन मी त्याच्यावर उपकार कसा करतो, असा गांधीजींच्या उत्तराचा रोख होता. होळी योग्य होती की नाही यावर आजही दुमत होऊ शकेल. ख्रिसमसच्या आधी चर्चमध्ये जुन्या कपड्यांची गाठोडी जमतात, तेव्हा ती सोडताना मला मात्र तो वाद हटकून आठवतो.

आतापर्यंत आपण घेणाऱ्याच्या निकडीचा विचार केला. विकणाऱ्याचीही निकड असते, आणि नाशिक जिल्ह्यात ती समजावून सांगायला ग्रंथांची आवश्यकता नाही. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. ज्याच्याकडे हवेशीर चाळ आहे तो शेतकरी तो चार-पाच महिने ठेवू शकतो आणि भाव पाहून लासलगावला किंवा पिंपळगावला नेऊ शकतो. ज्याच्याकडे चाळ नाही, ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे कर्ज आहे, ज्याला जूनमध्ये बियाणे आणि मुलांची फी भरायची आहे, त्याला मिळेल त्या भावाने ट्रॉली रिकामी करावी लागते. लाल कांद्याचे तर विचारूच नका. तो टिकतच नाही. निफाड तालुक्यातील एका शेतकऱ्याने २०१८ च्या अखेरीस ७५० किलो कांदा विकला आणि हाती आलेले १,०६४ रुपये निषेध म्हणून पंतप्रधानांना मनीऑर्डरने पाठवून दिले. तोही एक ‘क्लिअरन्स सेल’च होता. फरक एवढाच की दुकानदाराने फलक आपल्या हाताने लावलेला असतो, आणि शेतकऱ्याच्या मालाचा भाव दुसरेच उतरवतात.

म्हणून मला असे वाटू लागले आहे की श्रीमंती मोजण्याचे एक माप ‘थांबता येणे’ हे आहे. ज्याला थांबता येते तो स्वस्तात घेतो आणि महागात विकतो. ज्याला थांबता येत नाही तो महागात घेतो आणि स्वस्तात विकतो. दोघेही त्याच बाजारात, तोच फलक वाचत उभे असतात. सेल सर्वांसाठी खुला असतो, हे खरे. पण भाव उतरेपर्यंतचे दिवस काढायला घरात दुसरा सदरा असावा लागतो.

स्वस्ताईचा आणखी एक पदर आहे, तो म्हणजे मजुरीचा. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात सांगितले की मालक आणि मजूर यांनी राजीखुशीने ठरवलेली मजुरी तेवढ्यावरून न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचे पोट भरेल इतकी ती असलीच पाहिजे, कारण कोणत्याही करारापेक्षा नैसर्गिक न्याय जुना आहे. अडलेला मजूर कोणत्याही मजुरीला ‘हो’ म्हणतो. त्याची गरजही विकत घेता येत नाही. पुढे १९३५ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने हाच विचार स्वतःच्या हिशेबात उतरवून पाहिला. कातणाऱ्या बाईला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत अशी गांधीजींची इच्छा होती. इतके परवडेना, म्हणून संघाने बराच कमी दर धरला, तरीही पूर्वीच्या मानाने मजुरी वाढली आणि खादी महागली. गिऱ्हाइके कुरकुरली. किंमत गिऱ्हाइकाच्या खिशापासून खाली न मोजता कातणारीच्या ताटापासून वर मोजायची, असा तो प्रयोग होता. गंमत अशी की हॉर्नबी रोडवरच्या, आताच्या दादाभाई नवरोजी रोडवरच्या, व्हाइटवे लेडलॉच्या त्या इमारतीत पुढे अनेक वर्षे खादी भांडार होते. आणि दर गांधी जयंतीला सरकारी सूट जाहीर झाली की लोक वर्षभराची खादी घ्यायला तेथे गर्दी करीत. एवढ्या तत्त्वाने ठरवलेली किंमतसुद्धा शेवटी तारखेची वाट पाहायला लागली. मात्र त्या सुटीचा भार कातणारीवर न टाकता सरकारी तिजोरीने उचलला होता, हा भेद लहान नाही.

हे सर्व मनात घोळू लागले त्याला एक निमित्त घडले होते. काही वर्षांपूर्वी एक तरुणी कार्यालयात भेटायला आली. शहरातील एका कपड्यांच्या दुकानात ती नोकरीला होती. (तिच्या अनुमतीने आणि ओळख पटणार नाही इतपतच लिहीत आहे.) सेलच्या आधीच्या आठवड्यात रात्री थांबून कपड्यांवर जास्त किमतीची नवी लेबले लावायचे काम तिला आणि इतर मुलींना देण्यात आले होते. ‘फादर, हे पाप माझे आहे का?’ असा तिचा प्रश्न होता. वडील अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शिकत असलेला आणि घरात येणारा पगार तिचा एकटीचा.

नीतिशास्त्र अशा वेळी दोन प्रकारच्या सहभागांत भेद करते. दुष्कृत्याचा हेतूच जो आपलासा करतो त्याचा सहभाग वेगळा, आणि ज्याला ते कृत्य नको आहे पण ज्याचे हात पोटासाठी त्यात गुंतले आहेत त्याचा वेगळा. लेबल लावण्याचा निर्णय तिचा नव्हता, त्यातला नफा तिचा नव्हता, आणि नोकरी सोडल्यास होणारे नुकसान फार मोठे होते. तेव्हा दोषाचा मोठा भार ज्यांनी आकडा ठरवला त्यांच्यावर आहे, असे मी तिला सांगितले. ‘पण गिऱ्हाइकाने तुला विचारले की मूळ किंमत खरोखर एवढीच होती का, तर ते उत्तर तुझे असेल, ते मालकाचे नाही,’ एवढेही सांगितले.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली की तसे कोणी विचारतच नाही. पण सेलच्या आधीचे दोन-तीन दिवस फार अवघड जातात. मालक आसपास नसला आणि एखादी बाई पैसे मोजून मोजून पाहत असली, तर ती हळूच सांगते, ‘मावशी, शनिवारपर्यंत थांबता आलं तर बघा.’ हे मालकाशी बेइमानीचे आहे का, हेही तिला विचारायचे होते. मी तिला ऱ्होड्सच्या गलबतांची गोष्ट सांगितली. ती हसली, आणि म्हणाली की थांबणाऱ्या फार थोड्या असतात. बहुतेकींच्या घरी लग्न दुसऱ्याच दिवशी असते.